नुपूरच्या खोलीवरचं छत

शुक्रवार, १४ जून २०२४. पहाटे ५.१०

बरेच दिवस वहीला हात लावला नाही, त्याबद्दल क्षमा. कोणाची, ते कळत नाही, कारण ही वही माझ्याशिवाय कोणी वाचत नाही. पण चूक दिसली की नोंदवायची, ही एकोणीस वर्षांच्या नोकरीची सवय. मागची नोंद ११ मे २०२१ची आहे. एकच ओळ: 'छताचं काम उद्यापासून.'

म्हणजे तीन वर्षं, एक महिना, तीन दिवस उशीर. स्वतःला विचारलं, आळस का? नाही. २०२१ला कोविड होता. २०२२ला वर्ल्ड कप, कामगार मिळत नव्हते. २०२३ला विचार चालू होता. विचार न करता छत काढणारी माणसं मी पाहिली आहेत.

परिस्थिती: अल अझीझियातलं हे घर जुनं. मालकीणबाईंच्या मोठ्या व्हिलाच्या मागच्या अंगणात, पूर्वी पाहुण्यांसाठी बांधलेलं. खालचा मजला काँक्रीटचा, दणकट. वरची एक खोली मागाहून चढवलेली. तिच्यावर पत्रा, पत्र्याखाली पांढरं सीलिंग, आणि दोघांच्या मध्ये कधीकाळी उष्णता अडवणारं ग्लासवूल होतं, ते कबुतरांनी घरट्यांसाठी नेलं. ही खोली नुपूरची. पाचवीत असताना तिला 'स्वतःची खोली' म्हणून दिली. मे ते ऑक्टोबर ती उशी घेऊन खाली हॉलमध्ये येते. मागच्या सप्टेंबरात सहामाहीचा अभ्यास तिने दारात उभ्या गाडीत एसी लावून केला. दहावीला ९३ टक्के मिळाले. गाडीचं सर्व्हिसिंग मी वेळेवर करून ठेवलं होतं, याचा उल्लेख कोणी केला नाही.

मी स्वतः इन्सुलेशन तपासणारा इंजिनियर. सध्या हमद पोर्टकडच्या एका कोल्ड स्टोअरवर आहे. तिथे मासे उणे अठरावर राहतात, कारण मी दोन मिलिमीटरची फटसुद्धा चालवून घेत नाही. परवा जेवताना नुपूर म्हणाली, "बाबा, युअर फिश स्लीप बेटर दॅन मी." विनोद चांगला होता. मी हसलो. नमिता हसली नाही.

निश्चय: या उन्हाळ्यात नवं छत. एक्सेलमध्ये कार्यक्रम आखला. अकरा दिवसांचं काम आहे.

मंगळवार, १८ जून

दोघींना एअरपोर्टवर सोडून आलो. नाशिकला, नमिताच्या आईकडे. परतीचं तिकीट ३० ऑगस्टचं. चेक-इनच्या रांगेत नमिता शांतपणे म्हणाली, "देवव्रत, तीस तारखेच्या आत ती खोली राहण्यासारखी झाली तर आम्ही येतो. नाहीतर नुपूर अकरावी नाशिकला करेल. गाडीत बसून अभ्यास मी तिला आता करू देणार नाही."

धमकी म्हणून घेतलं नाही. डेडलाइन म्हणून घेतलं. डेडलाइन असली की माझं काम चांगलं होतं. त्र्याहत्तर दिवस आहेत, काम अकरा दिवसांचं. हाताशी बासष्ट दिवस शिल्लक.

परतताना एक शंका आली. तिला स्पष्ट 'हो' म्हणालो का? आठवत नाही. मान हलवली होती.

शुक्रवार, २१ जून

मच्छिंद्र येऊन गेला. संगमनेरकडचा. सतरा वर्षं दोहात आहे, इंडस्ट्रियल एरियात पत्र्याच्या आणि सीलिंगच्या कामाचं स्वतःचं दुकान. जुना पत्रा काढून सँडविच पॅनेल टाकायची: वर पत्रा, खाली पत्रा, मध्ये शंभर मिलिमीटर दगडी लोकर. वरून नवीन छत, आतून नवीन सीलिंग.

सध्या दुपारबंदी आहे. सकाळी दहा ते साडेतीन उघड्यावर काम करायचं नाही, सप्टेंबरच्या पंधरा तारखेपर्यंत. मच्छिंद्र म्हणाला, आम्ही पहाटे साडेचारला येऊ, साडेनऊला जाऊ. मी म्हणालो की मला सातला साइटवर निघावं लागतं, तेव्हा प्रत्येक थर झाला की होल्ड पॉइंट. म्हणजे मी तपासल्याशिवाय पुढचा थर सुरू करायचा नाही. तो म्हणाला, "साहेब, छत टाकायचंय का परीक्षा घ्यायचीय?"

मोजमापावरून थोडं बोलणं झालं. मालकीणबाई मुनीरा यांच्याकडून मी १९९१चं मूळ ड्रॉइंग मिळवलं आहे. पॅनेलची लांबी त्यावरूनच काढली. मच्छिंद्रचा आग्रह की पत्र्यावर चढून फीत लावू. "कागदाला गळती लागत न्हाई, साहेब. फीत लावा." मी त्याला समजावलं की मंजूर ड्रॉइंग असताना फितीवर जाणं हे पद्धतशीर काम नव्हे. त्याला पटलं असावं. त्याने फीत खिशात घातली.

मुनीराबाईंची परवानगीही मिळाली. त्यांचा चौकीदार सैफ निरोप घेऊन आला: छत हवं तसं करा, नमाजाच्या वेळी ठोकाठोकी नको, अंगणातल्या बोराच्या झाडाची फांदी तुटता कामा नये. लेखी मागितली. सैफ म्हणाला, साहब, उन्होंने बोला है ना. खोलीच्या मालकीचा प्रश्न मनात आला, की भाड्याच्या घराला आपण स्वतःचं छत का घालतोय? पण नुपूर भाड्याची नाही.

शनिवार, २९ जून. सकाळी ९.५०

जुना पत्रा उतरला, खालचं सीलिंगही. एका पहाटेत. खोलीतून सरळ आकाश दिसतं. फार समाधान वाटलं. कार्यक्रमापेक्षा एक दिवस पुढे.

सकाळी ११.३०

सीलिंगच्या तुकड्याची कड पाहिली. तंतुमय आहे. जुन्या बांधकामात अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतो. आपल्या मुलीच्या खोलीत तो असला तर? मच्छिंद्र फोनवर म्हणाला, हे साधं प्लास्टर आहे, मधला काथ्या आहे, असली शेकडो सीलिंग मी फोडलीत. पण खात्री आणि अनुभव यांत फरक असतो. नमुना पिशवीत बंद करून लॅबला दिला. रिपोर्ट येईपर्यंत काम थांबवलं. उघड्या छतावर ताडपत्री.

नमिताला फोनवर सांगितलं की सुरक्षिततेच्या कारणाने छोटासा विराम घेतला आहे. ती म्हणाली, किती छोटा? म्हटलं, रिपोर्टवर अवलंबून.

रविवार, ७ जुलै

रिपोर्ट नाही. ताडपत्रीखाली दुपारी ४६ अंश. धूळ.

नमिताने नुपूरची टीसी आणि मायग्रेशन सर्टिफिकेट मागवलं आहे. आपण तयारीत असावं, एवढाच अर्थ. तिकडे अकरावीची ऑनलाइन अ‍ॅडमिशन चालू आहे. नुपूरने फॉर्म भरला आहे. अनुभव म्हणून चांगलं आहे. आपल्याकडचे फॉर्म भरता आले पाहिजेत.

शनिवार, १३ जुलै

शाळेच्या ऑफिसची तिसरी फेरी. पहिल्या दोन वेळा नुपूरच्या नावात एक 'ओ' जास्त होता. मी तो काढायला लावला. चुकीचा कागद हातात घेणं मला जमत नाही. क्लार्कबाईंना विचारलं, की टीसी घेतल्यावर ती परत देऊन मुलीला पुन्हा बसवता येतं का. त्या म्हणाल्या, सर, देन व्हाय आर यू टेकिंग? प्रश्न रास्त होता. घरी येईपर्यंत त्यावर विचार केला. उत्तर असं: कागद पूर्ण असला की निर्णय मोकळेपणाने घेता येतो. निर्णय झालेला नाही.

सगळे शिक्के घेऊन कुरियर केला. स्कॅनही पाठवला. नमिताचं उत्तर: 'थँक्स. एवढं नीट काम तूच करू शकतोस.' बरं वाटलं.

शनिवार, २० जुलै

लॅबचा रिपोर्ट आला. अ‍ॅस्बेस्टॉस नाही. साधं प्लास्टर, मधला काथ्या.

एकवीस दिवस गेले हे खरं. पण आता ही गोष्ट लेखी आहे.

मच्छिंद्रला कळवलं. तो मोठ्याने हसला. रागावून हसला की नुसताच, ते फोनवर कळलं नाही.

शनिवार, २७ जुलै. पहाटे ५.००

पॅनेल आली. अतिशय सुंदर. कोपरे काटकोनात. स्वतः फीत लावून प्रत्येकाची लांबी तपासली. ऑर्डरशी एक मिलिमीटरही फरक नाही.

सकाळी ७.१५

पॅनेल अठरा सेंटिमीटर कमी पडतात. ड्रॉइंगवर भिंतीच्या मध्यापासून भिंतीच्या मध्यापर्यंतची मापं होती. पत्रा भिंतीबाहेर, पन्हळीपर्यंत जातो. मच्छिंद्रने फीत काढली, पत्र्याच्या जागी धरली आणि माझ्यासमोर तशीच धरून उभा राहिला.

चूक माझी. पूर्णपणे माझी. ती इथे नोंदवतो आहे आणि तिचं कारणही शोधलं आहे: १९९१च्या ड्राफ्ट्समनने माप कुठून कुठे ते लिहायला हवं होतं.

नवीन पॅनेल मागवली. आठ ऑगस्टला येतील. तरीही बावीस दिवस राहतात. म्हणजे कामाच्या दुप्पट. चिंता नाही.

शनिवार, ३ ऑगस्ट

नमिताची यादी आली: नुपूरची पुस्तकं, थंडीचे कपडे, कीबोर्ड, शिवणाचं मशीन, दोन मोठ्या सुटकेसमधलं जे असेल ते. समुद्रमार्गे कार्गो. वेळ योग्य साधली आहे तिने. छताचं काम चालू असताना सामान धुळीत राहण्यापेक्षा नाशिकला सुरक्षित. मी तिच्या यादीत नसलेली पुस्तकांची लाकडी मांडणीसुद्धा घातली, ताडपत्रीतल्या दमट हवेने लाकूड फुगायला लागलं होतं. कार्गोवाल्याच्या पॅकिंगवर उभा राहिलो. बबल रॅपचे दोन थर करून घेतले.

मच्छिंद्र पन्हळीचं माप घ्यायला आला होता. टेम्पो भरताना बघत होता. म्हणाला, "साहेब, ताईंचं सामान चाललंय. येत न्हाई." मी त्याला धुळीचं समजावलं. त्याने मान हलवली. मी एअरपोर्टवर हलवली होती तशीच.

मांडणी हलवल्यावर मागच्या भिंतीवर पेन्सिलीचं काहीतरी दिसलं. नुपूरचं अक्षर. दरवर्षी एक जूनला दुपारी चार वाजता, एसी चालू असताना खोलीतलं तापमान. मीच दिलेला थर्मामीटर.

१/६/१८. ३३.
१/६/१९. ३३.
१/६/२०. ३४.
१/६/२१. ३४. बाबा सेज टुमॉरो.
१/६/२२. ३५.
१/६/२३. ३६.
१७/६/२४. ३७. लास्ट रीडिंग.

सात वर्षं न चुकता, यंदाची तेवढी सोळा दिवस उशिरा. रेकॉर्ड ठेवण्याची शिस्त तिच्यात माझ्याकडून आली. अभिमान वाटला. 'लास्ट रीडिंग' हे विशेष. म्हणजे या वर्षी छत होणार याची तिला खात्री आहे. यापुढे मोजायची गरज पडणार नाही, असं तिने गृहीत धरलं आहे. मुलीचा विश्वास असा भिंतीवर लिहिलेला दिसणं, फार कमी बापांच्या नशिबी येतं.

२०२१च्या ओळीबद्दल वाईट वाटलं. पण तारीख बघता ते वाक्य मी तीन आठवडे आधी बोललेलो असणार. तिने नोंद उशिरा केली.

रविवार, ११ ऑगस्ट. सकाळी ६.२०

पहिली चार पॅनेल बसली. आता बसतात. पन्हळीवर बरोबर येतात.

मी छतावर असताना नमिताचा मोठा मेसेज आला. सूर्य समोर, स्क्रीन दिसत नव्हता, हातात लोकरीचे तंतू. 'नोटेड' असं उत्तर पाठवलं. संध्याकाळी नीट वाचायचा.

सोमवार, १२ ऑगस्ट

नमिताचा मेसेज वाचायचा राहिला. साइटवर ऑडिट होतं. उद्या.

शुक्रवार, १६ ऑगस्ट

स्क्रू. दर तीनशे मिलिमीटरला एक, असं ठरलं होतं. सहाव्या पॅनेलवर दोन ठिकाणी तीनशे वीस आणि तीनशे पंधरा. मच्छिंद्रला एनसीआर दिला, म्हणजे काम नापास झाल्याचा कागद. माझ्या कंपनीचा फॉर्म वापरणं बरोबर नव्हतं, म्हणून घरी टाइप केला.

त्याने तो वाचला, घडी घातली, खिशात ठेवला. मग हत्यारं गोळा करायला लागला. मी विचारलं, कुठे? तो म्हणाला, "साहेब, मी सतरा वर्षं दुसऱ्यांची घरं गार करतोय. कोणी मला नापास केलं न्हाई. तुमचं तुम्ही करा." त्याची दोन माणसंही गेली.

विचार केला, मी चुकलो का? तत्त्वाने नाही. वीस मिलिमीटर म्हणजे वीस मिलिमीटर. पण तीन पॅनेल अजून बसायची आहेत, आणि मला एकट्याला एक उचलता येत नाही. प्रयत्न केला. कंबर धरली.

सोमवार, १९ ऑगस्ट

कंबर. काम काही नाही.

बाहेर ४३, पण हवा अशी दमट की ताडपत्रीच्या आतून थेंब पडतात. पाऊस नाही आणि छत गळतंय.

नमिताला फोन करायचा होता. पण काम अडलंय हे सांगण्यात अर्थ नाही. पूर्ण झाल्यावर एकदम सांगू. सरप्राइज. आणि छताचा विषय सोडून काय बोलावं ते पटकन सुचत नाही. म्हणून मेसेज बरे.

मंगळवार, २० ऑगस्ट

नुपूरने फोटो पाठवला. कुठल्याशा इमारतीपुढे उभी, गळ्यात ओळखपत्राचा पट्टा, केस कापलेत. मागच्या भिंतीला वरपासून ओल उतरलेली स्पष्ट दिसते. गच्चीचं वॉटरप्रूफिंग झालेलं नाही. तिला तसं कळवलं. तिचं उत्तर: 'ओके बाबा.' आणि एक हसरा चेहरा. त्याच्याखाली आणखी काही टाइप होतंय असं बराच वेळ दिसत होतं, पण आलं नाही. तिकडचं नेटवर्क.

बुधवार, २१ ऑगस्ट

मच्छिंद्रच्या दुकानात गेलो. तो जमिनीवर बसून पत्रा कापत होता. मी सांगितलं की एनसीआर मागे घेतो. त्याने खिशातून घडी काढली, तीच, घामाने मऊ झालेली. म्हणाला, लेखी मागे घ्या. मी पाठीमागे लिहिलं: 'काम समाधानकारक. देवव्रत.' तारीख घातली.

त्याने चहा मागवला. ताई कधी येणार, विचारलं. तीस तारखेला, म्हटलं. तो थोडा वेळ कप फिरवत राहिला. मग म्हणाला, तर मग आवरून टाकू या. उद्यापासून.

बुधवार, २८ ऑगस्ट. संध्याकाळी ६.३०

झालं.

छत पूर्ण. सीलिंग पूर्ण. सगळे सांधे सील. दुपारी चार वाजता, बाहेर ४२ असताना, एसी चोवीसवर लावून: खोलीत २४. एसी मध्येच आपोआप थांबतो. त्याला काम उरत नाही. हे मी उन्हाळ्यात या घरात कधीच ऐकलं नव्हतं: एसी थांबल्याची शांतता.

डेडलाइनच्या दोन दिवस आधी. एकसष्ट दिवस लागले, पण शेवटी प्रश्न वेळेत झालं की नाही हाच.

जमिनीवर आडवा झालो. गादी कार्गोत गेलेली नाही, तिच्यावर नवी चादर घातली आहे. निळी. तिला निळा आवडतो, निदान सातवीत आवडायचा.

नमिताला कळवलं नाही. परवा ती दार उघडेल तेव्हा कळेल.

शुक्रवार, ३० ऑगस्ट. रात्री ८.००

गाडी धुतली. अल मन्सूरातून नमिताला आवडतात त्या गरम जिलब्या घेतल्या. मुंबईचं विमान वेळेवर उतरलं. अरायव्हलला रेलिंगपाशी उभा राहिलो. पहिल्यांदा बॅगा नसलेले बाहेर आले, मग बॅगावाले, मग व्हीलचेअर, मग क्रू. मग दार उघडायचं थांबलं.

बॅगेज उशिरा आलं असेल म्हणून चाळीस मिनिटं धरली. मग फोन केला.

मागे कुकरचा आवाज येत होता. मी सांगितलं की एअरपोर्टवर आहे. जिलब्या गार होतायत हेही सांगितलं. मग नमिता म्हणाली, "देवव्रत, नुपूरचं कॉलेज सुरू होऊन अकरा दिवस झाले. अ‍ॅडमिशन घ्यायच्या आधी तुला विचारलं होतं मी. तू 'नोटेड' म्हणालास."

मी म्हणालो, पण छत झालं. चोवीस येतंय.

ती म्हणाली, चांगलं झालं. खरंच म्हणाली, टोमणा नव्हता. मी नुपूरला फोन द्यायला सांगितलं. नुपूर क्लासला गेली होती.

पार्किंगचं तिकीट सापडेना. खिशातच होतं.

शनिवार, ३१ ऑगस्ट

जिलब्या सैफला दिल्या.

शुक्रवार, ६ सप्टेंबर

अकरा ऑगस्टचा मेसेज आज वाचला. फोन झाल्यापासून सात दिवस उघडला नव्हता. त्याआधी एकोणीस दिवस. हे आकडे कशाला लिहितोय माहीत नाही.

त्यात असं आहे: नुपूरला हवं ते कॉलेज मिळालं. बारा तारखेपर्यंत फी भरून प्रवेश पक्का करायचा आहे. तुझं मत सांग, तू नको म्हणालास तर आम्ही येतो, ती गाडीत अभ्यास करेल, तशीही तिला सवय आहे. पण मला विचारशील तर छत राहू दे. आठवडाभराची सुट्टी काढून तू ये. पहिल्या दिवशी कॉलेजला बाबाने सोडावं, असं ती म्हणत होती. तुला सांगू नकोस म्हणाली, पण सांगते.

खाली माझं उत्तर. एक शब्द. ६.१२ला.

चूक कुठे झाली, याचा विचार सुरू केला. सूर्य समोर होता. हातात लोकर होती. संध्याकाळी वाचायचं ठरवलं होतं, त्याची नोंदही आहे. कारणं सगळी खरी आहेत. एकेक तपासलं.

रविवार, १५ सप्टेंबर

दुपारबंदी आज संपली. उद्यापासून दिवसभर काम करता येईल. काम नाही.

मुनीराबाई आज स्वतः वर आल्या. सत्तरीच्या आहेत, जिना चढायला सैफचा हात धरला. खोलीत खुर्चीवर बसल्या, सीलिंगकडे पाहिलं, तळहात वर करून हवा जोखली. मग थोडं संकोचून म्हणाल्या, "व्हेरी गुड रूफ, मिस्टर देव. बट नाउ यू आर बॅचलर."

मी शेहेचाळीस वर्षांचा आहे. लग्नाला अठरा वर्षं झाली. पण इथल्या भाषेत एकटा राहणारा पुरुष तो बॅचलर, आणि ही वस्ती फॅमिलीवाल्यांची. अंगणात त्यांच्या नाती खेळतात. त्यांचं चूक नाही. मी त्यांच्या जागी असतो तर मीही हेच सांगितलं असतं, बहुधा लेखी. फॅमिली परत येणार का, त्यांनी विचारलं. मी इन्शाल्ला म्हणालो. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि ऑक्टोबरअखेरपर्यंत मुदत दिली. फक्त जाताना भिंती पांढऱ्या करून द्या, म्हणाल्या.

संध्याकाळी सैफ त्यांच्याकडचा खजुराचा डबा देऊन गेला.

शनिवार, २१ सप्टेंबर

अल मन्सूरात एक खोली पाहिली. तिघांत. माझी बाजू खिडकीकडची. सीलिंगवर ओलीचा डाग आहे. दाखवला नाही.

नाशिकला कायमचं जायचं का, हा प्रश्न नमिताने फोनवर विचारला, पण हळूच, घाई नाही अशा आवाजात. मी म्हणालो, विचार करतो. लगेच २०२३ आठवलं.

नुपूरशी बोललो. पंधरा मिनिटं. मी छताबद्दल काही बोललो नाही. तीच म्हणाली, खोलीचा फोटो पाठव. पाठवला. तिने विचारलं, बेडवर ती ब्लू चादर कुणाची?

शुक्रवार, २७ सप्टेंबर. संध्याकाळी ५.३०

नवे भाडेकरू घर पाहायला आले. मयूर आणि ईशा, पुण्याचे, आयटीतले, दोन वर्षांचा कॉन्ट्रॅक्ट. कडेवर नऊ महिन्यांची मुलगी. मी त्यांना सगळं दाखवलं: पन्हळ कशी साफ करायची, छतावर स्क्रूच्या रांगेवरूनच चालायचं, मध्ये पाय द्यायचा नाही. मयूर फोनवर लिहून घेत होता. बरा मुलगा आहे.

वरच्या खोलीत ईशा दारातच थांबली. म्हणाली, "काका, किती गार आहे हो. हिची खोली हीच करू." मुलीला तिने निळ्या चादरीवर ठेवलं. मुलगी लगेच झोपली. आम्ही तिघं कुजबुजत बोलत होतो. एसी आपोआप थांबला.

भिंतीवरच्या पेन्सिलीकडे ईशाचं लक्ष गेलं. हे काय, तिने विचारलं. मी म्हणालो, जुनी रीडिंग आहेत. काढणार आहे.

ते गेल्यावर थर्मामीटर पाहिला. 'लास्ट रीडिंग'च्या खाली एका ओळीपुरती जागा आहे. पेन्सिल नव्हती, सुताराची जाड होती, मच्छिंद्र विसरून गेलेली. त्या पेन्सिलीने मी लिहिलं: २७/९/२४. २४. अक्षर नुपूरच्या अक्षरापुढे वाईट दिसतं. दोन वेळा खोडलं, तिसऱ्यांदा तसंच ठेवलं. वेळ लिहायची राहिली.

उद्या: पांढरा रंग, छोटा डबा, एक.